स्तेफनाची क्षमा आणि वेदीखालच्या आत्म्यांची हाक: दोन्हींचा मेळ कसा घालावा?

प्रश्न: टिळकवाडीची वाचक, बेळगाव

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीत २६ डिसेंबरच्या संध्याकाळी स्त्रियांची प्रार्थनासभा भरते. तो दिवस ख्रिस्तावरील श्रद्धेसाठी मारला गेलेला पहिला मनुष्य स्तेफन याच्या स्मरणाचा असल्यामुळे दर वर्षी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील सहावा आणि सातवा अध्याय वाचला जातो, आणि यंदा त्यावर बोलण्याची पाळी माझ्याकडे आली आहे. गेले पंधरा दिवस वाचन चालू आहे, पण एका जागी गाडी अडली आहे, म्हणून येथे विचारते.

अंगावर दगड पडत असताना स्तेफनाने गुडघे टेकले, "हे प्रभू, हे पाप त्यांच्याकडे मोजू नकोस" असे तो मोठ्याने म्हणाला आणि झोपी गेला, असे सातव्या अध्यायाच्या शेवटी लिहिले आहे. रविवारच्या शाळेत हे वचन आमच्याकडून पाठ करून घेतले होते. त्यामुळे मारणाऱ्याला क्षमा करून मरतो तो रक्तसाक्षी, अशी व्याख्याच लहानपणापासून मनात बसली. परंतु तेच शास्त्र वाचत प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायापर्यंत गेले, की देवाच्या वचनासाठी वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून हाक मारताना दिसतात, आणि ते क्षमेची गोष्ट काढत नाहीत. आमच्या रक्ताचा न्याय तू कोठपर्यंत करणार नाहीस, सूड कोठपर्यंत घेणार नाहीस, असे ते विचारतात. उलट दिशेने मागे गेले, तर २ इतिहासाच्या चोविसाव्या अध्यायात यहोयादा याजकाचा मुलगा जखऱ्या मंदिराच्याच अंगणात दगडमार होऊन मरतो, आणि मरताना म्हणतो, की परमेश्वर हे पाहो आणि याचा जाब घेवो. तिन्ही ठिकाणची माणसे देवाशी विश्वासू राहूनच मेली आहेत. मग तोंडचे शब्द इतके वेगळे का?

प्रश्न नुसता पुस्तकी असता, तर पाळकसाहेबांना विचारून मी मोकळी झाले असते. आमच्या सभेला एक आजी येतात. माहेर आणि सासर दोन्ही खानापूर तालुक्यातले. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. धाकटा दीर दर नांगरटीला यांच्या भातशेताचा बांध कोरतो, अशी त्यांची तक्रार आहे. आजींजवळ एक वही आहे. पुठ्ठा गेलेली, नातवाची शाळेतली जुनी वही, दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली. तिच्यात पेन्सिलीने वर्षवार लिहिले आहे, की यंदा बांध किती हात सरकला आणि सुगीला अदमासे किती भात कमी आले. मागच्या सभेत मी पुढच्या वेळचे वचन वाचून दाखवले, तेव्हा आजींनी ती पिशवी मांडीवर घेतली आणि विचारले, "मोजू नकोस म्हणजे ही वही मी फाडायची का ग?" सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या, आणि मला काही बोलता आले नाही.

तेव्हा माझे विचारणे दोन गोष्टींचे आहे. क्षमा आणि न्यायाची मागणी एकाच श्रद्धेत नांदू शकतात का? आणि ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला "तू क्षमा केली नाहीस, म्हणून तू विश्वासू नाहीस" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला शास्त्र देते का? दुसरे वाक्य आपण मंडळीत फार सहजपणे बोलतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

प्रतिसाद १: जुना शास्त्रवर्ग, कॅम्प

ताई, सुरुवात शब्दापासून करू या, कारण गाठ तेथेच बसली आहे, असे मला वाटते.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत 'मार्तुस' या शब्दाचा अर्थ साक्षीदार एवढाच आहे. कचेरीत उभा राहून जे पाहिले ते सांगतो तो. मरणाचा त्यात मुळात काही संबंध नाही. तो संबंध पुढे जडला, आणि तो जडताना आपण ज्या पुस्तकात पाहतो ते हेच प्रेषितांचे पुस्तक आहे. बाविसाव्या अध्यायात पौल (पूर्वीचे नाव शौल) कबुली देतो, की तुझा साक्षी स्तेफन याचे रक्त सांडले जात असताना मी जवळ उभा होतो आणि मारणाऱ्यांची वस्त्रे राखत होतो.

आता त्याच दृश्यावर पुन्हा नजर टाका. नियमशास्त्राप्रमाणे, म्हणजे अनुवाद १७:७ प्रमाणे, पहिला हात साक्षीदारांचा पडायचा. म्हणून दगड उचलण्यापूर्वी "साक्षीदारांनी" आपली वस्त्रे काढून शौल नावाच्या तरुणाच्या पायांशी ठेवली, असे या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो. हे तेच लोक, ज्यांना आदल्या अध्यायात खोटे साक्षीदार म्हणून उभे केले होते. मैदान एकच आहे, आणि त्यात दोन प्रकारचे साक्षी समोरासमोर आहेत. एकांच्या हातात दगड आहेत आणि दुसरा गुडघ्यांवर आहे. कोणाची साक्ष खरी, हा त्या प्रसंगाचा खरा मुद्दा आहे. क्षमेचे वाक्य त्या साक्षीचाच शेवटचा भाग आहे, म्हणून ते साक्षीपासून तोडून एकटे पाठ करू नये, असे मी माझ्या वर्गात नेहमी सांगत असे.

कारण हा मनुष्य मवाळ नाही. सातव्या अध्यायाचे दुसरे वचन ते त्रेपन्नावे, एवढे लांब त्याचे भाषण आहे. अब्राहामापासून शलमोनापर्यंत सगळा इतिहास सांगून झाल्यावर तो समोरच्या न्यायसभेला तोंडावर "ताठ मानेचे" म्हणतो आणि तुमच्या पूर्वजांनी छळले नाही असा एक तरी संदेष्टा दाखवा, असे आव्हान देतो. ज्याला क्षमा म्हणजे मिटवामिटवी वाटते, तो असे बोलणार नाही. आणि शेवटच्या प्रार्थनेतही त्याने "काही झाले नाही" असे म्हटलेले नाही. "हे पाप" असेच म्हटले आहे. पापाला पाप म्हणून, बोट दाखवून, मग ते मोजू नकोस अशी विनंती आहे. पाप हा शब्द गाळून ती प्रार्थना करून पाहा. वाक्यच उभे राहत नाही.

आणखी एक बारकावा. वधस्तंभावरील प्रार्थनेत येशूने कारण दिले आहे, की ते काय करतात हे त्यांना समजत नाही. (लूक २३ मधील ते वचन व्हॅटिकनच्या प्राचीन हस्तलिखितात आढळत नाही, यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे, आपल्या मराठी शास्त्रात ते आहे आणि असावे, असे माझे मत.) स्तेफन कारण देत नाही. ज्यांना त्याने आत्ताच तासभर सगळे समजावून सांगितले, त्यांना समजत नव्हते असे तो कोणत्या तोंडाने म्हणणार? अज्ञानाची सबब पुढे पौल स्वतःसाठी देतो, १ तीमथ्य १:१३ मध्ये, आणि तीही दया मिळाल्यानंतर.

जखऱ्याविषयी घाईने निवाडा करू नका. योआश राजाला लहानपणी ज्या यहोयादाने जगवले, त्याच्याच मुलाला त्या राजाच्या आज्ञेने मारले गेले. मत्तय २३ मध्ये हाबेलापासून (शास्त्राच्या पहिल्या पुस्तकात भावाने मारलेला तो) जखऱ्यापर्यंतच्या रक्ताचा उल्लेख येशू करतो, आणि इब्री शास्त्राच्या क्रमात इतिहासाचे पुस्तक शेवटी येत असल्यामुळे तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत असाच होतो. जखऱ्याला तो तेथे कमी लेखत नाही. नीतिमानांच्या रांगेत बसवतो.

प्रतिसाद २: निवृत्त मास्तर, निपाणी

मी ख्रिस्ती नाही. मराठी शिकवण्यात आयुष्य गेले आणि हे पान कुतूहलाने वाचतो. थोडे बोललो तर राग मानू नये.

आमच्या भागात 'हुतात्मा' हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. १७ जानेवारी आली, की सीमाप्रश्नाच्या आंदोलनात १९५६ साली झालेल्या गोळीबारात गेलेल्यांना अभिवादन होते. हिंडलग्याचे स्मारक बेळगावकरांना माहीत आहेच. (या धाग्यावर तो विषय पुढे नेऊ नये, ही विनंती, मी केवळ शब्दासाठी काढला.) हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. तुमचा 'रक्तसाक्षी' हा शब्द वेगळा आहे, हे वरील प्रतिसाद वाचून प्रथमच लक्षात आले. आहुती देणाऱ्याकडून आपण फक्त त्यागाची अपेक्षा करतो. साक्षीदाराकडून खरे बोलण्याची अपेक्षा असते, आणि खरे बोलायचे तर झालेला अन्यायही सांगावाच लागणार. इतके मला पटले.

पण माझी शंका निराळी आहे, आणि ती जराशी कडू आहे. मरणाऱ्याने क्षमा करणे एका अर्थी सोपे नाही का? स्तेफनाला दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शौलाच्या समोरून पाण्याला जायचे नव्हते. त्या आजींना मात्र उद्याही त्याच बांधावरून चालायचे आहे, त्याच दिराच्या घरच्या लग्नाला अक्षता टाकायला जायचे आहे आणि पुढच्या मृगाला त्याचा नांगर पुन्हा कोठून फिरतो ते पाहायचे आहे. मेलेल्यांची क्षमा जिवंतांना उदाहरण म्हणून देणे मला अपुरे वाटते. तुमच्या शास्त्रात जगून क्षमा केलेला कोणी आहे का, आणि त्याने ती कशी निभावली?

प्रतिसाद ३: लोंढ्याकडचा

आमच्या कॅथलिक शास्त्रात मक्काबींचे दुसरे पुस्तक आहे, जे आपल्यापैकी अनेकांच्या प्रतींत नसेल. त्याच्या सातव्या अध्यायात सात भाऊ आणि त्यांची आई अंतियोख राजापुढे एकामागून एक मरतात, पण निषिद्ध मांस खात नाहीत. एकही भाऊ राजाला क्षमा करीत नाही. उलट, तुला शासन झाल्याशिवाय राहणार नाही, असे त्याला स्पष्ट बजावतात. आमच्या मिस्सेत हा पाठ वाचला जातो आणि आम्ही "देवाचे आभार" असे उत्तर देतो. तेव्हा विश्वासूपणा आणि क्षमा या दोन गोष्टी नेहमी एकत्रच आल्या पाहिजेत, असे निदान त्या पुस्तकावरून तरी म्हणता येणार नाही. इतकेच नोंदवतो.

प्रतिसाद ४: दोन्ही उपासनांना जाणारी, गोकाक

मास्तर, आपली शंका मला आवडली. तिच्याकडे येते, पण आधी सहाव्या अध्यायावर थोडे थांबते, कारण आपण सारे तो ओलांडून थेट दगडांकडे धावतो.

स्तेफन पहिल्यांदा आपल्याला भेटतो तो भाषेच्या भांडणात. यरुशलेमेच्या पहिल्याच मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली, की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते आणि इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळते. आमच्या सीमाभागात हे वाचताना कोणाला टीप द्यावी लागत नाही. मी सकाळी कन्नड उपासनेला आणि संध्याकाळी मराठी उपासनेला जाते. नाताळच्या जेवणात पहिली पंगत कोणाची, यावरून कुजबुज झालेली मी ऐकली आहे. बारा प्रेषितांनी त्या कुरकुरीवर "क्षमा करा आणि विसरून जा" असे उत्तर दिले नाही. तक्रार खरी मानली, सात माणसे निवडली, आणि त्या सातांची नावे पाहिली तर सगळी ग्रीक आहेत; म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती पळी दिली. त्या सातांत पहिले नाव स्तेफनाचे. विधवांच्या वाट्याचे नीट मोजून देणे हे त्याचे पहिले काम होते. "मोजू नकोस" म्हणणारा मनुष्य धान्याच्या मोजमापासाठी नेमलेला होता, ही गोष्ट त्या आजींना जरूर सांगावी.

आता शब्दाविषयी. मराठीत "मोजू नकोस" आहे. आमच्या कन्नड शास्त्रात त्याच जागी "होरिसबेड" आहे, म्हणजे त्यांच्यावर ते लादू नकोस, त्यांच्या डोक्यावर ते ओझे चढवू नकोस. दोन्ही भाषांत वाचणाऱ्याला एक फायदा होतो: मराठी वाचताना हिशेबाची वही दिसते आणि कन्नड वाचताना पाठीवरचे पोते दिसते. मला स्वतःला कन्नड शब्द जवळचा वाटतो, कारण वही बंद केली तरी ओझे कोणाच्या पाठीवर राहिले, हा प्रश्न उरतोच.

मास्तर, जगून क्षमा करणारा विचारलात. नवव्या अध्यायातला दिमिष्काचा हनन्या पाहा. शौल त्याच्यासारख्यांनाच बांधून न्यायला निघाला होता. प्रभूने त्याला शौलाकडे जायला सांगितले, तेव्हा तो आधी वाद घालतो: या माणसाने तुझ्या लोकांचे किती वाईट केले आहे, हे मी पुष्कळांकडून ऐकले आहे. म्हणजे वही त्यानेही उघडली, आणि देवापुढेच उघडली. मग तो गेला, आंधळ्या झालेल्या शौलावर हात ठेवले आणि "शौल भाऊ" असे म्हणाला. ती हाक मारताना त्याचा आवाज कसा झाला असेल, याचा मी कितीदा विचार केला आहे. यरुशलेमेतील शिष्य तर नंतरही त्याला भीत राहिले. बर्णबाने हात धरून आणले तेव्हा कोठे त्यांनी त्याला जवळ केले. त्या भिण्याबद्दल लूक त्यांना एका शब्दानेही दोष देत नाही.

आणि हाच शौल म्हातारा होऊन, कैदेत मरणाची वाट पाहत, तीमथ्याला पत्र लिहितो. २ तीमथ्याचा चौथा अध्याय काढा. चौदाव्या वचनात आलेक्सांद्र तांबटाने आपले फार वाईट केले असे नाव घेऊन लिहिले आहे आणि प्रभू त्याची त्याच्या कृत्यांप्रमाणे फेड करील, असे म्हटले आहे. पंधराव्यात तीमथ्याला बजावले आहे, की तूही त्याच्यापासून जपून राहा. सोळाव्यात, पहिल्या जबाबाच्या वेळी सर्वांनी मला सोडले, पण त्याचा दोष त्यांच्यावर न येवो, अशी प्रार्थना आहे. ही प्रार्थना त्याने कोठे ऐकली होती, ते आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा तो वस्त्रे राखत होता. न्याय देवावर सोपवणे, शेजाऱ्याला सावध करणे आणि सोडून गेलेल्यांना मोकळे करणे, या तिन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच बैठकीत, तीन ओळींत लिहिल्या आहेत. त्यांत विसंगती आहे असे त्याला वाटलेले दिसत नाही.

प्रतिसाद ५: जुना शास्त्रवर्ग, कॅम्प

गोकाकच्या ताईंनी तांबटाचे वचन काढले आणि माझे पुढचे काम हलके केले. वेदीखालच्या आत्म्यांविषयी राहिले होते, तेवढे लिहितो.

बलिदानाचे रक्त वेदीच्या पायथ्याशी ओतावे, असे लेवीय ४:७ मध्ये आहे. म्हणून ते आत्मे वेदीच्या खाली आहेत. त्यांचे रक्त जेथे पडले तेथूनच ते बोलत आहेत, जसे हाबेलाचे रक्त जमिनीतून बोलले. आता हे पाहावे, की ते कोणाशी बोलतात. मारणाऱ्यांशी त्यांचे एक अक्षरही नाही. ते स्वामीशी बोलतात, आणि त्याला "पवित्र व सत्य" म्हणून हाक मारतात. हातात काही न घेता, जागा न सोडता, ते खटला त्याच्यापुढे ठेवतात. त्यांना उत्तर काय मिळते? प्रत्येकाला एक शुभ्र झगा, आणि आणखी थोडा वेळ विसावा घ्या, अशी सूचना. तुमची मागणी चूक आहे, असे कोणी त्यांना म्हणत नाही. आणि मागणी लगेच मान्यही होत नाही. येशूविषयी १ पेत्र २:२३ मध्ये लिहिले आहे, की त्याने उलट निंदा केली नाही, धमकी दिली नाही, तर यथार्थ न्याय करणाऱ्याकडे स्वतःला सोपवले. स्तेफन आणि हे आत्मे यांच्यात मला सोपवणे ही गोष्ट समान दिसते. खटला एकाच न्यायाधीशाकडे गेला आहे. एकाने दयेचा अर्ज दिला, दुसऱ्यांनी तारीख विचारली.

लोंढ्याच्या बंधूंनी मक्काबींची आठवण दिली, ती योग्यच आहे. त्यात एवढीच भर घालतो, की तीच धग ख्रिस्ती रक्तसाक्ष्यांतही पूर्णपणे विझलेली नाही. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात स्मुर्णाच्या मंडळीला "मरेपर्यंत विश्वासू राहा, म्हणजे मी तुला जीवनाचा मुगूट देईन" असे सांगितले आहे. (मुगुटासाठी तेथे जो ग्रीक शब्द आहे, तो 'स्तेफानोस', आपल्या स्तेफनाच्या नावाचा अर्थच तो.) त्याच स्मुर्णाचा अध्यक्ष (बिशप) पॉलिकार्प दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जाळला गेला. त्याला धरायला शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना जेवू-खाऊ घालायला सांगितले आणि स्वतःसाठी प्रार्थनेला तासभर मागून घेतला. अधिकाऱ्याने ख्रिस्ताला शिव्या दे म्हटल्यावर, ८६ वर्षे मी त्याची सेवा केली आणि त्याने माझे काही वाईट केले नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू, असे तो म्हणाला. पण आगीची धमकी मिळताच याच वृद्धाने सुनावले, की तुझी आग घटकाभर जळेल, येणाऱ्या न्यायाची आग तुला ठाऊक नाही. शिपायांना ताट वाढणारा आणि अधिकाऱ्याला असे तोंडावर बोलणारा मनुष्य एकच होता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. क्षमेला विश्वासूपणाची परीक्षा बनवून ती दुखावलेल्याच्या हाती देण्याचा अधिकार आपल्याला नाही. स्तेफनाला कोणी "आता क्षमा कर" असे शेजारी उभे राहून सांगितले नव्हते. ज्यांनी आयत्या वेळी कच खाल्ली, त्यांना मंडळीने काय केले, हेही पाहावे. पेत्राने तीनदा नाकारले, आणि योहान २१ मध्ये त्यालाच "माझी मेंढरे चार" असे सांगून, तू हात लांब करशील, अशा शब्दांत त्याच्या मरणाची खूण दिली गेली. म्हणजे त्याच्या बाबतीत क्षमा आधी मिळाली आणि विश्वासूपणा मागाहून आला. रोमी बादशहा डेसियस याच्या काळात, इ. स. २५० मध्ये, देवतांना धूप घालून दाखले घेतलेल्या ख्रिस्ती लोकांचे काय करावे, यावर कार्थेजच्या मंडळीत मोठे रण माजले होते. सिप्रियन अध्यक्ष स्वतः त्या वेळी लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याने बोलणीही खाल्ली. पश्चात्तापाला वेळ देऊन अशा लोकांना परत घेण्याची वाट त्याने काढली. पुढे २५८ मध्ये त्याचे डोके उडवले गेले, तेव्हा मारेकऱ्याला २५ सोन्याची नाणी द्यावीत, असे त्याने आपल्या माणसांना सांगितले होते. आठ वर्षांपूर्वी लपलेला मनुष्य तो हाच.

प्रतिसाद ६: टिळकवाडीची वाचक, बेळगाव

सर्वांची ऋणी आहे. सभा परवा झाली. काय झाले ते कळवणे मला कर्तव्य वाटते.

मी बहुतेक वेळ सहाव्या अध्यायावरच घालवला. विधवांची वाटणी, भाषेचे भांडण आणि सात ग्रीक नावे एवढे सांगेपर्यंतच अर्धा तास गेला, आणि बायकांमध्ये जी कुजबुज झाली ती येथे लिहीत नाही. नंतर मराठी आणि कन्नड दोन्ही वचने वाचली. आमच्यातल्या एका हुक्केरीच्या सुनेने कन्नड वचन वाचून दाखवले, कारण माझे उच्चार ऐकून तिला राहवेना. तांबटाची तीन वचने सर्वांत शेवटी घेतली. मास्तरांची शंकाही मी त्यांचा उल्लेख "एक वडीलधारे शिक्षक" असा करून मांडली, आणि हनन्याने मारलेली "शौल भाऊ" ही हाक दोनदा वाचली.

आजी संपूर्ण वेळ गप्प होत्या. पिशवी मांडीवर होती. सभा संपून चहा फिरू लागला, तेव्हा त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पाप मोजू नको म्हणाला ना तो. जमीन मोजू नको, असं नाही म्हणाला." मी म्हटले, नाही म्हणाला. त्यावर त्यांनी सांगितले, की नवे वर्ष लागले की नातवाला घेऊन मोजणीचा अर्ज द्यायला जाणार आहेत, उतारा काढून ठेवला आहे, आणि दिराला तसे त्यांनी नाताळच्या दिवशी करंज्या द्यायला गेल्या तेव्हाच तोंडावर सांगितले आहे. तो काय म्हणाला, असे मी विचारले. "करंज्या घेतल्या," एवढेच त्या म्हणाल्या.

मग वहीची पिशवी त्यांनी माझ्या हातात ठेवली. मोजणीच्या वेळी ती लागेल, तुमच्याजवळच असू दे, असे मी म्हणू लागले, तर त्यांनी मान हलवली. सरकारी मोजणीला पेन्सिलीची वही कोण विचारतो, त्यांच्याकडे साखळी असते, असे त्यांचे म्हणणे पडले. "फाडायची नाही म्हणालीस, मग तूच ठेव. माझ्या उशाशी असली की रात्री मी उघडते." 

वही सध्या माझ्या कपाटात, शास्त्राच्या वरच्या फळीवर आहे. दुधाच्या पिशवीला घातलेली सुतळीची गाठ त्यांची आहे, ती मी सोडलेली नाही.